घर बदलताना भौतिकशास्त्र

उन्हाळ्याची सुटी लागली की बदल्यांचे दिवस सुरू होतात. कोणाच्या तरी दारात ट्रक उभा राहतो आणि वर्षानुवर्षे एकेक करून जमवलेले कपाट, टेबल, पलंग, आरसा असे सामान त्यात चढू लागते. नव्या घरी पोचल्यावर दिसते ते असे: आरशाला तडा गेला आहे, टेबल डुगडुगते आहे, कपाटाला पोचा पडला आहे. ‘नशीब!’ म्हणून घरचे गप्प बसतात. विद्यार्थी मित्रांनो, या नुकसानीत नशिबाचा भाग थोडा असतो. बाकी सर्व काम तुमच्या पाठ्यपुस्तकातील नियमच करीत असतात. ते ओळखले, तर सामान वाचवता येते आणि ते उचलणारी माणसेही सुरक्षित राहतात.

थांबण्याचे अंतर

४ कि.ग्रॅ. वस्तुमानाचा आरसा हातातून निसटून ५० सें.मी. खाली पडला असे समजा. जमिनीशी पोचताना त्याच्याजवळ

४ × ९.८ × ०.५ = १९.६ ज्यूल

इतकी गतिज ऊर्जा असते. आरसा थांबायचा, तर ही सर्व ऊर्जा खर्च झाली पाहिजे. कार्य = बल × अंतर, हे सूत्र तुम्हांला माहीत आहे. येथे अंतर म्हणजे जमिनीला टेकल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत वस्तू जेवढी पुढे सरकते तेवढे.

उघडा आरसा फरशीवर पडला आणि केवळ १ मि.मी. अंतरात थांबला, तर सरासरी बल १९.६ ÷ ०.००१ = १९,६०० न्यूटन होईल. हे सुमारे २,००० कि.ग्रॅ. वस्तूच्या वजनाइतके आहे! तोच आरसा जाड गोधडीत गुंडाळलेला असेल आणि गोधडी २ सें.मी. दबली, तर बल १९.६ ÷ ०.०२ = ९८० न्यूटन, म्हणजे विसाव्या हिश्शाइतके. (थांबताना वस्तू जी थोडी आणखी खाली येते, तिचा हिशेब सोपेपणासाठी सोडला आहे.)

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. गोधडी ऊर्जा कमी करीत नाही. आरसा तेवढ्याच वेगाने खाली येतो. गोधडी फक्त थांबण्याचे अंतर वाढवते, आणि म्हणून बल घटते. कोकणातून येणाऱ्या हापूसच्या पेटीत पेंढा घालतात तो याच कारणासाठी. हवेचे फुगे असलेले प्लास्टिकही हेच काम करते. १९५७ साली अमेरिकेत आल्फ्रेड फिल्डिंग आणि मार्क शाव्हान हे भिंतीवर लावायचा नक्षीदार कागद करायला निघाले होते. त्यातून हे प्लास्टिक जन्माला आले. भिंतीवर ते चालले नाही, सामानाला मात्र उपयोगी पडले.

आता एक चूक पाहा. गोधडी गुंडाळल्यावर पुष्कळ लोक वरून सुतळी करकचून आवळतात. त्यामुळे गोधडी आधीच दबून जाते आणि धक्का बसतो तेव्हा दबायला जागाच उरत नाही. दोरी गोधडी जागेवर राहील इतपतच ओढावी. धक्का बहुधा कोपऱ्याला बसतो, म्हणून कोपऱ्यांवर दुहेरी घडी घालावी.

करून पाहा

खडूचे काही सारखे तुकडे घ्या. एक तुकडा आडवा धरून १ मीटर उंचीवरून फरशीवर सोडा. दुसरा त्याच उंचीवरून चार घड्यांच्या टॉवेलवर सोडा. मग तोच टॉवेल एका फळीभोवती ताणून घट्ट बांधा आणि त्यावर तिसरा तुकडा सोडा. प्रत्येक प्रकार दहा वेळा करून किती तुकडे मोडले याची नोंद ठेवा. वर्गात गट पाडून हा प्रयोग सहज करता येईल.

टेबल ओढू नका, उचला

२० कि.ग्रॅ. वजनाचे टेबल चार पायांवर उभे आहे. प्रत्येक पायावर सुमारे ४९ न्यूटन भार येतो. घर्षणांक ०.४ धरला, तर टेबल ओढताना जमीन प्रत्येक पायाला सुमारे २० न्यूटन बलाने मागे खेचते. हे बल फार नाही. पण पाय ही एक तरफच आहे. पायाची लांबी ७० सें.मी. आणि वरच्या खाचेत बसलेला भाग ५ सें.मी. असेल, तर खाचेतील लाकडावर चौदापट, म्हणजे २८० न्यूटनपर्यंत बल येते. पाय फरशीच्या कडेला अडला तर त्याहूनही अधिक. सांधा खिळखिळा होतो तो असा. दोघांनी टेबल उचलले, की ही तरफ चालतच नाही.

कपाट का कलंडते?

२०० सें.मी. उंच आणि ५० सें.मी. खोल रिकामे कपाट घ्या. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १०० सें.मी. वर आणि पुढच्या कडेपासून २५ सें.मी. आत असतो. ट्रकने ब्रेक लावला, की कपाटाचा वरचा भाग जडत्वामुळे पुढे जाऊ पाहतो. तळ घसरला नाही, तर मंदन गुरुत्व त्वरणाच्या २५/१०० पट, म्हणजे सुमारे २.४५ मी./से.² झाले की कपाट कलंडू लागते. ताशी ३६ कि.मी. वेगाने जाणारा ट्रक ३ सेकंदांत थांबला, तर मंदन ३.३ मी./से.² होते! म्हणजे नेहमीचा ब्रेकही पुरेसा आहे.

अनुभवी कामगार कपाटाची पाठ ड्रायव्हरच्या केबिनकडील भिंतीला टेकवून ते दोरांनी बांधतात, त्याचे कारण हेच. कपाट पुढे पडू शकत नाही, आणि गाडी सुटताना मागे येऊ लागले तर दोर ते धरतो. न बांधलेल्या कपाटाशेजारी कोणीही बसू नये. जिवाला धोका असतो.

वाळूचा कण

गुंडाळण्यापूर्वी प्रत्येक वस्तू पुसून घ्या. धुळीतील वाळूचे कण बहुधा क्वार्ट्झचे असतात. मोहच्या काठिण्यमापनात क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. काचेचा साधारण साडेपाच. कठीण पदार्थ मऊ पदार्थावर ओरखडा काढतो. गोधडीखाली अडकलेला एक कण प्रवासभर काचेवर आणि पॉलिशवर रेघा ओढीत राहतो.

तुम्हीच सोडवा

१. २ कि.ग्रॅ. वजनाचा रेडिओ ७५ सें.मी. उंचीवरून पडला आणि त्याखालचा फोम ३ सें.मी. दबला. रेडिओवर सरासरी किती बल आले?

२. वरील कपाटाची रुंदी ९० सें.मी. आहे. ते बाजूने कलंडायला किती त्वरण लागेल?

३. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पुस्तके ठेवली तर ते अधिक स्थिर होते. तरीही हलवण्यापूर्वी कपाट रिकामे का करावे?