ओल, बुरशी आणि आपले आरोग्य

मृगाचा पाऊस सुरू झाला की गोमंतकातील बहुतेक घरांत एक बिनबोलावलेला पाहुणा येतो. कपाटाच्या मागे, ट्रंकेच्या तळाशी, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, चामड्याच्या चपलांवर आणि गतवर्षीच्या क्रमिक पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर तो गुपचूप बस्तान बसवितो, आणि नाकाला कुबट वास आला म्हणजेच त्याची चाहूल लागते. हा पाहुणा म्हणजे बुरशी. ‘पावसाळ्यात हे चालायचेच’ असे म्हणून आपण तिच्याकडे कानाडोळा करतो; फार तर चतुर्थीपूर्वी डागावरून रंगाचा हात फिरवितो. पण झाकलेला डाग पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा उमटतो. असे का होते, त्याचा आपल्या आरोग्याशी संबंध काय आणि खरा उपाय कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बुरशी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. कवकांची सृष्टी शास्त्रज्ञांनी स्वतंत्र मानली आहे. हिरव्या पानाप्रमाणे सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करण्याची शक्ती तिच्यात नाही. म्हणून ती दुसऱ्याच्या तयार अन्नावर जगते. लाकूड, कागद, चामडे, सुती कापड, पुस्तकबांधणीची खळ, रंगातील काही द्रव्ये, फार काय, भिंतीवर बसलेली साधी धूळही तिला पुरते. तिचे शरीर म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे. डाग म्हणून जो आपल्याला दिसतो तो तिचा वरचा भाग. तंतू आत गिलाव्याच्या छिद्रांत शिरलेले असतात. वंशविस्तारासाठी ती बीजाणू हवेत सोडते. हे बीजाणू बहुधा 2 ते 10 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतके असतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत ते सहज दहा-बारा मावतील.

बुरशी घाणीतून आपोआप निपजते अशी समजूत पुष्कळ काळ होती. इटलीतील फ्लॉरेन्स येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी 1729 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिला छेद दिला. त्यांनी बुरशीचे बीजाणू कलिंगडासारख्या फळाच्या फोडींवर ठेवले, आणि ज्या जातीचे बीजाणू त्याच जातीची बुरशी उगवते असे दाखविले. त्यांनी एका जातीला ‘अ‍ॅस्परजिलस’ हे नाव दिले. त्याचा उगम आपल्या परिचयाचा आहे. चर्चमध्ये पाद्री ज्या दांडीच्या उपकरणाने पवित्र पाणी शिंपडतात त्याच्यासारखा या बुरशीच्या डोक्याचा आकार मिकेलींना सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. मिकेली स्वतःही पाद्रीच होते.

बीजाणू हवेत सर्वत्र आहेत. तुमच्या घरात आहेत, आमच्या वर्गात आहेत. त्यांचा समूळ नाश करणे कोणाच्याही हातचे नाही. खाद्यही घरोघर आहे. ऊब तर आपल्या हवेत बाराही महिने आहे. बुरशी वाढण्यास ज्या गोष्टी लागतात त्यांपैकी एकच आपल्या हाती उरते, आणि ती म्हणजे ओल. हे ज्याला पटले त्याला या विषयाचे मर्म कळले असे समजावे.

विद्यार्थ्यांना याची प्रचीती घरीच घेता येईल. पोदेराकडून आणलेल्या पावाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक उन्हात किंवा तव्यावर अगदी कडक वाळवावा, दुसऱ्यावर पाण्याचे चारपाच थेंब शिंपडावेत. दोन्ही निरनिराळ्या काचेच्या बरण्यांत घालून झाकणे घट्ट लावावीत आणि आठवडाभर रोज निरीक्षण लिहून ठेवावे. पाव एकच, हवा एकच, घर एकच. फरक केवळ पाण्याचा. मात्र प्रयोग संपल्यावर बरणी उघडून वास घेऊ नये. ती तशीच बंद टाकून द्यावी.

आता आपल्या घरांकडे वळू. गोमंतकात वर्षाकाठी सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. घरात ओल येण्याच्या वाटा चार. पहिली वरून: फुटलेले कौल, भेगाळलेला स्लॅब, तुंबलेली पन्हळ. दुसरी बाजूने: वाऱ्याच्या दिशेच्या भिंतीवर आदळणारी सर. आपले पूर्वज अशा भिंतीपुढे विणलेल्या झावळ्यांचा आडोसा उभारीत आणि वळचण रुंद ठेवीत, ते उगाच नव्हे. तिसरी खालून: समईतील वात जसे तेल वर ओढते तसे आपल्या चिऱ्यांच्या सच्छिद्र भिंती जमिनीतील पाणी वर ओढतात. चौथी आतून: भाताची वाफ, न्हाणीतील कढत पाणी, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि बंद खोलीत रात्रभर झोपलेल्या माणसांचा श्वास. ही चौथी वाट पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

भिंतीवरील प्रत्येक डाग बुरशीचा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. पांढरी भुकटी पाण्याच्या थेंबात विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार. बाहेरच्या, प्रकाश पडणाऱ्या भिंतीवरील हिरवा गुळगुळीत थर म्हणजे शेवाळ. काळसर, करडे वा हिरवट ठिपके, त्यांचा केसाळ पोत आणि कुबट वास ही बुरशीची खूण. तथापि तिन्ही एकच गोष्ट सांगतात: येथे पाणी मुरते आहे.

हे सारे आरोग्याच्या दृष्टीने का महत्त्वाचे? बीजाणू आणि तंतूंचे सूक्ष्म तुकडे श्वासावाटे शरीरात जातात. बहुतेकांना त्यांचा उपद्रव होत नाही. पण ज्यांची प्रकृती त्यांना मानवत नाही त्यांना शिंका येतात, नाक वाहते, डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते. दमेकऱ्याचा दमा बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक ग्रंथात, ओलसर व बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावणे यांचा धोका अधिक असतो, असा निष्कर्ष काढला आहे. तान्ही मुले, वृद्ध, दमेकरी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने वा औषधांनी क्षीण झाली आहे अशांना विशेष जपावे लागते. ‘हवा बदलली, म्हणून खोकला’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु मूल आजोळी गेले की खोकला थांबतो आणि घरी परतताच पुन्हा सुरू होतो असे दिसले, तर ते वैद्यांना आवर्जून सांगावे, आणि मुलाच्या पलंगामागची भिंतही एकदा पाहावी.

डागावर रंग फासण्याची सवय केवढी महाग पडू शकते, याचे एक हृदयद्रावक उदाहरण इंग्लंडात घडले. रॉचडेल गावी डिसेंबर 2020 मध्ये दोन वर्षांचे एक बालक श्वसनाच्या विकाराने दगावले. ज्या भाड्याच्या घरात ते राहत होते तेथे दीर्घकाळ बुरशी होती. बापाने तक्रार केली होती, तेव्हा त्याला डागांवर रंग लावण्याचा सल्ला मिळाला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने घरातील बुरशीचा दीर्घ संपर्क हेच या विकाराचे कारण असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर 2023 साली तेथील कायद्यात, सार्वजनिक गृहसंस्थांनी अशा तक्रारींची दखल ठराविक मुदतीत घेतलीच पाहिजे, अशी तरतूद झाली. बुरशी म्हणजे गृहिणीचा आळस असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. भिंतीतली गळती झाडूने थांबत नाही. ती थांबविणे घराच्या मालकाचे काम आहे, आणि ते त्याच्याकडे मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

तथापि भीतीलाही मर्यादा हवी. 2021 साली कोरोनाच्या साथीत ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघर पोहोचला, आणि भिंतीवरचा काळा डाग पाहून अनेकांचे धाबे दणाणले. तो रोग म्हणजे म्युकरमायकोसिस. त्यातील काळेपणा रक्तपुरवठा तुटून मृत झालेल्या ऊतींचा असतो; भिंतीवरच्या काळ्या डागाशी त्याचा संबंध जोडणे चुकीचे होय. शिवाय सारी कवके आपली वैरी नाहीत. आपले पोदेर पूर्वी माडाच्या सुरेने पीठ फुगवीत, त्या सुरेतील यीस्ट हे कवकच. लंडनमध्ये 1928 साली फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला तो एका बुरशीमुळे, आणि ते औषध आपल्या देशात तयार व्हावे म्हणून 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारी कारखाना स्थापन झाला.

आता साफसफाईची रीत. डाग लहान, म्हणजे सुमारे 10 चौरस फुटांच्या आत असेल तर घरच्या मोठ्या माणसांना तो काढता येतो. त्याहून मोठा असल्यास जाणकाराला बोलवावे. मुलांना व दमेकऱ्यांना त्या खोलीतून दूर ठेवावे. नाकातोंडावर चांगला मास्क, हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. कोरड्या झाडूने डाग कधीही झाडू नये, कारण त्याने बीजाणू घरभर उडतात. प्रथम साबणाच्या पाण्याने डाग भिजवावा, मग ब्रशाने घासावा, ओल्या फडक्याने पुसावा आणि पंखा लावून ती जागा खडखडीत वाळू द्यावी. ब्लीचिंग पावडरने रंग उडतो, पण सच्छिद्र भिंतीत खोल शिरलेले तंतू राहू शकतात. ती वापरलीच तर शौचकूप साफ करण्याचे आम्ल, व्हिनेगर किंवा अमोनिया तिच्यात मुळीच मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो. कपडे धुऊन कडक उन्हात वाळवावेत. आतपर्यंत बुरशी गेलेली गादी वा उशी मात्र लोभ न धरता टाकून द्यावी.

स्वयंपाकघरात तर अधिक दक्षता हवी. पुरुमेंताच्या वेळी मिरच्या, खोबरे, कडधान्ये नीट वाळवून भरण्याची आपली चाल शास्त्रशुद्धच आहे. बुरशी लागलेले शेंगदाणे वा मका धुऊन किंवा भाजून खाऊ नये. काही बुरशींतील अफलाटॉक्सिन नावाचे विष नेहमीच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या सीमेलगतच्या खेड्यांत असा मका खाऊन यकृताचा रोग पसरला आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

शेवटी मूळ मुद्दा. डाग पुसणे हे एका दिवसाचे काम. ओल तोडणे हे खरे काम. पाऊस लागण्यापूर्वी कौले चाळून घ्यावीत, पन्हळी साफ कराव्यात, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे. कपाटे व ट्रंका भिंतीपासून चार बोटे सरकवून हवा खेळती ठेवावी. स्वयंपाक चालू असता वाफेला बाहेर जाण्यास वाट द्यावी. काही भिजलेच तर 24 ते 48 तासांच्या आत ते वाळवावे. तेवढ्या अवधीत बुरशीला सहसा मूळ धरता येत नाही. रंग द्यावयाचा तो भिंत पूर्ण सुकल्यावरच.

येत्या पावसाळ्याच्या पहिल्याच रविवारी प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वडीलधाऱ्यांसह घराला एक फेरी मारावी आणि वहीत चार रकाने आखावेत: वरून, बाजूने, खालून, आतून. जेथे ओल दिसेल तेथे नोंद करावी, तिच्यासमोर उपाय लिहावा, आणि रंगाचा डबा उघडण्यापूर्वी ती वही उघडावी.