मृगबागेचं खत, तापीचं मुख

केळीच्या मृगबागेची लागवड आटोपली की दापोरा गावाच्या शिवारात युरियाच्या गोण्या फुटू लागतात. आभाळ भरून आलं की खत फेकून मोकळं व्हायचं आणि पुढचं पावसावर सोडायचं, ही सवय यंदा मोडायला हवी.

हिशेब करून पाहा. केळीला झाडागणिक २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४४४४ झाडं बसतात, म्हणजे सुमारे ८९० किलो नत्र. सगळं युरियातून दिलं तर ४५ किलोच्या जवळजवळ ४३ गोण्या. जमिनीतले जिवाणू युरियाचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही. मुळांनी उचललं नाही, तर ते पाण्याबरोबर नाल्यात आणि तिथून तापीत जातं.

तापी हतनूर, उकाई, सुरत करत डुमसजवळ खंभातच्या आखाताला मिळते. गोडं आणि खारं पाणी मिसळतं तिथे डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल वाढतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते झाकणासकट डबीसारखं दिसतं. भिंत सिलिकाची, तिच्यावर ओळीने बारीक छिद्रं. कोळंबीची पिल्लं यावर पोसतात. डायटमला नत्राबरोबर सिलिकाही लागते, पण धरणांच्या संथ पाण्यात बरीच सिलिका तळाशी बसते. वरून नत्र वाढत गेलं की डायटम मागे पडतात आणि सिलिका न लागणारी शैवालं माजतात. ती मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. आखातात भरती जोरदार आणि पाणी गढूळ, त्यामुळे उजेड कमी पोचतो आणि शैवालांचा हा माज सहसा गाळ बसल्यावर दिसतो. वरच्या अंगाला सुरतेजवळच्या संथ पाण्यात जलपर्णी फोफावते, तिलाही हेच नत्र लागतं.

म्हणून जोरदार पावसाचा अंदाज असेल तर युरिया हातात घेऊ नका. ड्रिप असेल तर हप्त्याची मात्रा उघडीप मिळाल्यावर थोडी थोडी सोडा. जमीन ओलीच असते, तेव्हा संच थोडाच वेळ चालवा आणि शेवटी नळ्या धुण्यापुरतं साधं पाणी सोडा. तासन्‌तास ड्रिप चालू ठेवला तर खत मुळांच्या खाली उतरतं. ड्रिप नसेल तर खोडापासून वीतभर अंतरावर आळं करून खत टाका आणि लगेच मातीने झाका. स्फुरद मातीला चिकटून वाहून जातं, त्यामुळे नाल्याकाठची दोन-तीन मीटर पट्टी नांगरू नका, तिथलं गवत राहू द्या. घड कापलेली खोडं नाल्यात लोटण्याऐवजी तुकडे करून सरीत पसरा. शेवाळ धरलेली खताची टाकी धुताना ते पाणीही बागेतच ओता.