खांदा जखडला तर

सूनबाई, वेणी घालताना हात अर्ध्यातच अडतो, ब्लाउजचा मागचा हुक लागत नाही, रात्री त्या कुशीवर वळलं की कळ येऊन जाग येते म्हणतेस. मग आता बाम चोळत बसू नको. आरशासमोर उभी राहा, दोन्ही कोपरं कमरेला टेकव आणि ती तिथेच ठेवून पंजे बाहेरच्या बाजूला वळव. दुखरा हात मध्येच थांबला आणि दुसऱ्या हाताने ढकलूनही सरकला नाही, तर खांदा जखडला असावा. एक्स-रे बहुधा साफच येईल. तेवढ्यावरून काही झालं नाही असं समजू नको.

आधी साखर तपास, सोबत थायरॉइडही. चाळिशी ते साठीत, त्यातही बायकांना आणि मधुमेह्यांना हे दुखणं जास्त धरतं. सांध्याभोवतीचं आवरण धुऊन आटलेल्या कापडासारखं आखडतं. आधी ठणका, मग ताठरपणा, मग हळूहळू मोकळीक. यात एक ते तीन वर्षं सहज जातात.

ठणक्याच्या दिवसांत सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. नाव ऐकून बायका घाबरतात. माझी सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात झाली, म्हणून सांगते, वेळेवर घेतलं तर रात्रीची झोप परत येते, आणि झोप आली की व्यायाम होतो. साखर असेल तर ती काही दिवस चढते. डॉक्टरांना आधी सांग आणि घरी रोज मोज.

तरी हात सुटत नसेल तर हायड्रोडायलेटेशनबद्दल विचार. जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुईने सांध्यात सलाइन भरतात, आतून आवरण ताणलं जातं. टाका नाही, त्याच दिवशी घरी. ऑपरेशनची घाई मात्र नको. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दुर्बिणीतून आवरण सोडवणं, भूल देऊन खांदा फिरवणं, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी, या तिन्हींत वर्षअखेर ठळक सरस कोणतंच ठरलं नाही.

सुई घेतली म्हणून व्यायाम सुटत नाही. गरम पाण्याने शेक, मग टेबलावर चांगला हात टेकून वाक, दुखरा हात सैल सोड आणि लहान लहान गोल फिरव. मग भिंतीवर बोटांनी चढ, पोचलीस तिथे पेन्सिलीची खूण कर. ताण जाणवू दे, कळ नको. नागपूरच्या बर्डी बाजारातून येताना भाजीची पिशवी त्या हातात घेऊ नको. आणि कुणी म्हणालं, एका झटक्यात मोकळा करून देतो, तर हात त्याच्या हाती देऊ नको. हाड मोडल्याचं, स्नायू फाटल्याचं मी पाहिलं आहे.

डाव्या खांद्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप लागली तर ते हृदयाचं असू शकतं. तेव्हा थेट तातडीच्या विभागात जायचं. एरवी मेडिकल कॉलेज, मेयो रुग्णालय नाही तर मिहानचं एम्स, जवळ पडेल तिथे हाडांच्या ओपीडीत दाखव. याच आठवड्यात जा, आणि साखरेचा रिपोर्ट सोबत ने.