तीनशे कोटी अक्षरांची वही : जीनोम, संगणक आणि नेमके उपचार

आपल्या मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे, त्यामुळे 'डेटा' हा शब्द मुलांच्या कानावर रोज पडतो. पण डेटाचा आणि औषधाचा काय संबंध, असं मुलांनी विचारलं तर?

डीएनएची लिपी चारच अक्षरांची : ए, टी, जी, सी. माणसाच्या एका जनुकसंचात अशी सुमारे 300 कोटी अक्षरं असतात. हिशेब फळ्यावरच मांडा. पानावर 1,000 अक्षरं धरली तर 30 लाख पानं, म्हणजे दोनशे पानी 15,000 वह्या. गंमत पुढेच आहे. नेहमीच्या वापरातली यंत्रं ही वही सलग वाचत नाहीत. साधारण 150 अक्षरांचे तुकडे वाचतात, आणि चूक टळावी म्हणून प्रत्येक जागा सरासरी 30 वेळा. झाले की एका माणसाचे 60 कोटी तुकडे! ते जुळवायला मोठे संगणक लागतात. पुण्यात सी-डॅकने 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक तयार केला. जैवमाहितीच्या कामासाठीही तिथे वेगळी सुविधा आहे.

एक अक्षर बदललं तर काय बिघडतं? सिकलसेल पाहा. हिमोग्लोबिनच्या जनुकात 'ए'च्या जागी 'टी' येतो आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. नंदुरबार, गडचिरोलीतली कुटुंबं हे भोगतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता 25 टक्के. (वाहक ओळखायला मात्र महासंगणक नको, साधी रक्ततपासणी पुरते.)

मधुमेह, हृदयविकार यांचं तसं नाही. तिथे शेकडो बारीक बदल मिळून धोका वाढवतात, म्हणून हजारो माणसांची माहिती ताडून पाहावी लागते. जगातली अशी माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची. ती आपल्याला जशीच्या तशी कशी लागू पडेल? म्हणूनच 'जीनोम इंडिया'त 10,000 भारतीयांचे जीनोम वाचले गेले. 2025 मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. औषधांचंही तेच. क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी रोखणारी गोळी यकृतातल्या विकरामुळे कामाला लागते. ते विकर ज्यांच्यात मंद, त्यांना तिचा पुरेसा उपयोग होत नाही.

पालकहो, 'जनुक तपासून मुलाचं करिअर सांगतो' अशा जाहिरातींवर मात्र पैसे घालवू नका. तेवढं भाकीत आज कुणालाच करता येत नाही.

वर्गात हे करून पाहा. एकच वाक्य दहा पट्ट्यांवर लिहा, वेगवेगळ्या जागी कापा, तुकडे मिसळून मुलांना जुळवायला द्या. एकाच पट्टीवर अक्षर वेगळं निघालं तर ती बहुधा वाचनातली चूक. पाच पट्ट्यांवर निघालं तर? तो बदल आई किंवा वडील, कुणातरी एकाकडून आलेला. वाहक म्हणतात तो हाच.