मुलांना विचारा, ‘कशावरून?’

पालकहो, मूल रहस्यकथेत डोकं खुपसून बसलं, की घरात कुरकुर सुरू होते. माझी विनंती आहे, त्याला वाचू द्या आणि त्या कथेबद्दल त्याच्याशी बोला. त्यासाठी चार शब्द पुरतात. संशयित म्हणजे ज्याच्यावर शंका घेता येते तो. हेतू म्हणजे गुन्हा करून त्याला काय मिळणार ते. दुवा खऱ्या उत्तराकडे नेतो आणि चकवा लेखकाने मुद्दाम पेरलेला असतो, आपल्याला भलत्या वाटेला लावण्यासाठी.

आर्थर कॉनन डॉयल यांची १८९२ सालची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही गुप्तहेर शेरलॉक होम्सची कथा घ्या. शर्यतीचा नामांकित घोडा रात्रीतून नाहीसा होतो आणि त्याचा प्रशिक्षक माळरानावर मेलेला सापडतो. मृताच्या मुठीत एका परक्या माणसाचा गळपट्टा असतो. तो माणूस आदल्या संध्याकाळी तबेल्यापाशी घुटमळलेलाही असतो, म्हणून पोलीस त्यालाच पकडतात. हा चकवा.

आता दुवे पाहा. पहाऱ्यावरच्या पोराला जेवणातून अफू दिलेली असते. त्या रात्री बेत होता मसालेदार मटणाचा, आणि मसाल्यात अफूची चव लपते. पण त्या घरात काय शिजणार, हे परका माणूस कसं ठरवणार? शिवाय घोडा नेला तेव्हा तबेल्यातला कुत्रा भुंकलाच नाही.

इथे पुस्तक मिटा आणि विचारा, “तुला कोणाचा संशय येतो? कशावरून?” ‘असंच वाटतं’ असं उत्तर आलं, तर रागावू नका. “कुठे लिहिलंय, दाखव बरं,” म्हणा. कुत्रा ओळखीच्या माणसावर भुंकत नाही, हे मूल आपणहून बोललं की समजा, ते अनुमान करायला शिकलं.

मग निवेदकाकडे वळा. होम्सच्या बहुतेक कथा त्याचा मित्र वॉटसन सांगतो, सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा त्याचा चुलतभाऊ तोपशे. त्यांना दिसतं तेवढंच आपल्याला कळतं. हे लक्षात आलेलं मूल कोणतीही हकिगत ऐकताना ‘सांगतंय कोण?’ हेही विचारू लागतं.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या कथांपासून सुरुवात करा. रोज थोडं मोठ्याने वाचा, रहस्य उलगडण्याआधी थांबा आणि मुलाला त्याचा तर्क मांडू द्या. तो चुकला तरी चालेल. शेवट मात्र तुम्ही आधी सांगू नका.