फिट, झोप आणि रात्रीची मासेमारी



१ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा आपली माणसं रात्री घरी झोपतात. ऑगस्ट लागला की सगळं उलटं. रात्रभर जाळं, दिवसा मिळेल तशी डुलकी. ज्यांना फिट (मिरगी, आकडी) येते त्यांना हा बदल जड जातो.

मागच्या हंगामात एका सभासदाच्या बोटीवर पहाटे जाळं ओढताना खलाशाला फिट आली. तांडेलाने शर्ट पकडला म्हणून तो पाण्यात गेला नाही. गोळ्या चालू होत्या, पण तीन रात्री धड झोप नव्हती. काम जाईल या भीतीने त्याने आजार कोणाला सांगितलाच नव्हता. मालकांनो, यात चूक एकट्या त्याची नाही.

आपल्या मेंदूत दिवस-रात्रीचं एक घड्याळ असतं. डोळ्यात जाणाऱ्या उजेडावर ते जुळतं. झोप, अंगाचं तापमान, हार्मोन त्याच्या तालावर वरखाली होतात आणि फिटची शक्यताही बदलते. लंडनचे डॉक्टर विल्यम गावर्स यांनी १९व्या शतकातच नोंद केली होती की काहींना फिट दिवसाच येते, काहींना रात्रीच. एका प्रकारात तरुण वयात सकाळी उठल्यावर हात झटकतात, हातातला कप पडतो. जागरण झालं की हे वाढतं. घरात असं दिसलं तर "झोपेत आहे" म्हणून सोडून देऊ नका. दिवस आणि वेळ वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा.

दोन वेळची गोळी असेल तर साधारण बारा तासांचं अंतर लागतं. मोबाईलवर अलार्म लावा, जास्तीच्या दिवसांची गोळी डब्यात ठेवा. बंदीत बरं वाटतं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. समुद्रावर जायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच. तोवर जाळी विणणं, बर्फ, लिलाव अशी किनाऱ्यावरची कामं आहेत, ती द्या.

बोटीवर फिट आलीच तर इंजिन आणि विंच थांबवा, माणसाला काठापासून दूर कुशीवर वळवा. तोंडात चमचा नको, पाणी नको, चपलेचा वास तर नकोच. वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा तो पाण्यात पडला होता, तर नंतर बरा दिसला तरी दवाखाना. समुद्रात तटरक्षक दल १५५४, जेटीवर १०८.

नंबर केबिनमध्ये लिहून लावा.

— सचिव, आपली संस्था