आधी डायल लाव, मग पाना उचल

बाबू, परवा तू सीएनसीवर कापलेल्या दोन्ही पाट्या मी उजेडात धरून पाहिल्या. ‘देवळी’तला ‘दे’ जागेवर, पुढची दोन्ही अक्षरं डावीकडे सरकलेली. तू लगेच मोटरचा करंट वाढवायला निघालास. मामाचं ऐक, तसं करत जाऊ नको. लेथवर आपला डोळा कामावर असतो. तुझी स्टेपर मोटर मात्र बिचारी सांगितलं तेवढं फिरते; खरंच पोचली का, हे तिला कोणी विचारत नाही. ते आपणच विचारायचं.

मशीन शून्यावर आण आणि डायल लाव. किती चुकलं यापेक्षा कसं चुकलं ते बघ. 100 मिलिमीटरला 1 कमी आणि 50 ला अर्धा कमी, म्हणजे स्टेपचा हिशोब चुकला. तुझी मोटर फेऱ्याला 200 स्टेप घेते, ड्रायव्हर त्याच्या 3200 करतो, आणि स्क्रू फेऱ्याला 8 मिलिमीटर सरकतो. म्हणून मिलिमीटरला 400. दिशा बदलल्यावर पहिल्या एक-दोन बारीक हुकमांना काटा हललाच नाही, तर नटात प्ले आहे. त्याला करंट काय करणार?

मोटर खरोखर हुकते तेव्हा कशीही हुकत नाही. ती एका वेळी चार पूर्ण स्टेप घसरते, तुझ्या स्क्रूवर 0.16 मिलिमीटर. परवा डायल 0.48 दाखवत होती. म्हणजे तीनदा हुकली! कपलिंग घसरलं असतं तर आकडा असा मोजून मापून आला नसता. तरी खात्रीसाठी शाफ्ट आणि कपलिंग दोन्हींवरून मार्करची एकच रेघ मार. काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर ग्रब स्क्रू ढिला आहे, बाकी काही उघडू नको.

फरक त्याहून बारीक असेल आणि प्रत्येक जा-येमागे वाढत असेल, तर दोष पल्सचा. दिशा बदलल्याचा इशारा आणि पल्स यांची वेळ जुळत नाही. एका फेरीला एकच पल्स गेली तरी 400 फेऱ्यांत पुरा मिलिमीटर जातो. सेटिंगमध्ये पल्स उलटवून आणि लांबवून बघ. स्पिंडलची वायर मोटरच्या वायरीपासून लांब ठेव, तेही राहिलंय तुझं.

मशीनच्या खोलीवर फक्त टिन आहे. मे महिन्यात दुपारी ड्रायव्हर तापून मधेच बंद पडतो, थंड झाला की पुन्हा सुरू, आणि तेवढ्यात गेलेल्या स्टेप परत येत नाहीत. त्याला पंखा दे. उन्हाळ्यात मोठं काम पहाटे लाव.

आणि ‘कापाची खोली चुकली’ म्हणून झेड उघडण्याआधी कोलेट बघ. टूल वर-खाली सरकलं असेल.

परवाचं ‘दे’ संपल्यासंपल्याच सरकलं, दोन्ही पाट्यांत तिथंच. एकाच जागी हुकतं तेव्हा मी वीज बंद करून स्क्रू हातानं फिरवतो, हळू, दोन बोटांनी. काल तू घरी गेल्यावर फिरवला. मधोमध जड लागला. ग्रीसमध्ये सागवानाचा भुसा बसून पेढ्यासारखा घट्ट झाला होता. मी तो काढलेला नाही. तू ये, तुझ्या बोटांना तो जडपणा एकदा कळू दे, मग रॉकेल आणि ब्रश घेऊन बसू.